समजा, मी एक शिंपी आहे

इंदिरानगरला एका छापखान्याच्या वर, एकोणतीस पायऱ्या चढून गेलं की आमचं केंद्र होतं. पायऱ्या मी मोजल्या आहेत. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस उरकून, दोन बस बदलून तिथं पोचेपर्यंत मोजण्याशिवाय दुसरं काही करायची ताकद अंगात उरत नसे. वर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत तीन टेबलं आणि एक कपाट, आणि पायाखाली मशीनचा सततचा थडथडाट. कर्जात अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं, त्यांना वाट कशी दाखवायची, हे तिथं फुकट शिकवत. शिकून झाल्यावर ते कामही फुकटच करायचं होतं, हे मला जरा उशिराच कळलं.

ही नव्वदीतली गोष्ट. बेंगळूरात तेव्हा गल्लोगल्ली फायनान्स कंपन्या निघत होत्या आणि एखाद्या सकाळी पाटी उतरवून नाहीशा होत होत्या. पुण्या-मुंबईकडून नोकरीला आलेली मुलं हप्त्यांवर स्कूटर घेत होती. आम्ही इथले जुने मराठी, पिढ्यानपिढ्या कानडी मुलखात राहून अर्धे कानडी झालेले, अजून चीटीवर विसंबून होतो. चीटी म्हणजे पुण्याकडे जिला भिशी म्हणतात ती. पंचवीस माणसांनी दरमहा पैसे घालायचे, महिन्याच्या महिन्याला लिलाव, आणि ज्याला नड जास्त तो कमी रक्कम घेऊन चीटी उचलणार. कागद नाही, वकील नाही. ज्यानं चीटी बसवली त्याच्या शब्दावर सगळं चालायचं.

तू हे कशाला शिकतेस, असं कोणी विचारलं तर मी समाजसेवा वगैरे म्हणायची. खरं कारण माझ्या वडिलांचं होतं. ऑफिसातल्या एका मित्राला त्यांनी जामीन राहून सही दिली होती. मित्र बदली घेऊन गेला आणि त्याचं कर्ज आमच्या घरात राहायला आलं. वडिलांनी ते घरात सांगितलं नाही. आईला कळलं ते बँकेचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा. ती तांदूळ निवडत होती, मी समोर अभ्यास करत होते. तो माणूस फार सभ्यपणे बोलला, पाणी प्यायला आणि गेला. कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांबद्दल आई वडिलांना एका शब्दानं बोलली नाही. पण "त्या माणसाला माहीत होतं आणि मला नव्हतं" हे ती वडील गेल्यावरही, भाजी चिरता चिरता, मध्येच म्हणायची. बायकोपासून कर्ज लपवणाऱ्या पुरुषांचा मला तेव्हापासून जो राग आहे तो अजून पुरता गेलेला नाही. मी त्यांना सरळ करायला निघाले होते. लग्न केलेलं नव्हतं, चाळिशी जवळ आली होती, घरी आई आणि मी दोघीच. शनिवार रिकामा होता.

शिकवणाऱ्या बाई बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर माणसं फाडली, आता टाके घालते आहे, असं त्या स्वतःच कानडीत सांगायच्या आणि हसायच्या नाहीत. त्यांचं शिकवणं पुस्तकी नव्हतं. माणूस आला की आधी पाणी द्या. पहिली पंधरा मिनिटं सल्ला देऊ नका, तोंड आवरा. 'का घेतलंत' असं विचारू नका, 'कधी' आणि 'किती' एवढंच विचारा, 'का'चं उत्तर प्रत्येकजण घरून तयार करून आणतो. यादी त्याच्याच हातानं लिहून घ्या, पेन तुमच्या हातात नको. आणि कोणाच्या घरी जाऊ नका. हे शेवटचं त्या दर शनिवारी सांगायच्या, इतकं की आम्हाला कंटाळा यायचा.

सरावासाठी जोड्या लावल्या होत्या. एकानं कर्जदार व्हायचं, दुसऱ्यानं सल्लागार, मग अदलाबदल. माझी जोडी त्यांनी एका पन्नाशीच्या गृहस्थांशी लावली, कारण वर्गात मराठी आम्ही दोघंच होतो. बाईंचं म्हणणं असं की माणूस कर्ज घरच्या भाषेत लपवतो, तेव्हा ते बाहेरही त्याच भाषेत काढता आलं पाहिजे. बाईंना स्वतःला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या टेबलापाशी त्या येत, क्षणभर उभ्या राहत आणि पुढं जात.

मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का. आमच्यात तसंच म्हणतात. ते खरोखरचे शिंपी होते, जुन्या पेठेत शाळांचे गणवेश शिवायचे. बोटांच्या टोकांना निळ्या खडूची भुकटी, शर्टाच्या कॉलरला दोन टाचण्या कायम खोचलेल्या. बसताना खुर्ची आवाज न करता उचलून घ्यायचे.

पहिल्या शनिवारी कर्जदार व्हायची पाळी त्यांची होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "समजा, मी एक शिंपी आहे."

"अण्णा, ते तर तुम्ही आहातच. दुसरं काहीतरी व्हा की."

"दुसरं मला काय ठावं, अक्का? शिंपीच असू दे."

वर्गात बाकीच्यांनी काय काय कर्जं रचली होती. एकजण सिनेमा काढून बुडाला होता, एकानं देवनहळ्ळीजवळ द्राक्षाची बाग घेतली होती आणि तिच्यावर गारा पाडल्या होत्या. आमच्या टेबलावर मात्र दर शनिवारी तोच शिंपी. त्यानं पंचवीस माणसांची चीटी बसवली. शेजारच्या एका नवरा-बायकोनं तिसऱ्या आणि चौथ्या महिन्याची चीटी उचलली आणि घर रिकामं करून ती दोघं निघून गेली. आता त्या दोघांचे दोन हजार दरमहा कुठून यायचे? पुढच्या लिलावाला शिंप्यानं उभं राहून सांगायला हवं होतं की दोन माणसं पळाली, आता सगळे मिळून काय ते ठरवू. तो बोलला नाही. वीस वर्षं चीटी बसवतोय, एकदाही खोट नाही, हे त्याचं नाव होतं. तो त्यांचे पैसे स्वतः भरत गेला. आधी दुकानातले, मग व्याजाचे, मग बायकोची दोन पदरी चेन आणि चार बांगड्या गहाण टाकून. बायकोला यातलं काही माहीत नाही. वैशाखात तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. तेव्हा ती ट्रंक उघडणार.

"मग त्याआधी सांगायला नको का?" मी विचारायची.

"सांगायला पायजे."

"कधी?"

"या आठवड्यात सांगतो."

माझ्यापुढे फॉर्म असायचा. शेवटचा रकाना होता, 'पुढच्या पावलाला तयार: होय / नाही'. मी 'होय'वर खूण करायची, बाई गुण लिहायच्या, मग आम्ही पाळ्या बदलायचो. माझ्या पाळीला मी दर वेळी नवं कर्ज आणायची, एकदा तर घोड्यांच्या शर्यतीवर हरले होते. ते मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच असायचे. समजा, मी एक शिंपी आहे. अजून सांगितलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मला त्यांचा कंटाळा आला. सहाव्या शनिवारी राग आला. दमून भागून यायचं आणि पुन्हा तोच शिंपी, तीच ट्रंक. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुमच्या शिंप्याला पाठीचा कणा शिवायला सांगा." ते हसले. स्वतःच्या विनोदावर मीही हसले. मग मी त्या शिंप्याला चांगलं फैलावर घेतलं. बायको म्हणजे काय गिऱ्हाईक आहे का, उद्या या म्हणून परत पाठवायला? ज्या दिवशी तिला बाहेरून कळेल त्या दिवशी चेन परत आणलीत तरी काय उपयोग? माझ्या आईचं नाव न घेता मी आईचं सगळं बोलून घेतलं. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सरी, अक्का, बरं. खरं हाय तुमचं." त्या दिवशी मला दहापैकी नऊ गुण मिळाले आणि घरी जाताना बसमध्ये मी स्वतःवर खूश होते. आज हे लिहिताना लाज वाटते.

त्यांना मी ओळखायला हवं होतं. बाईंना भाषा येत नव्हती, दुसऱ्या कोणाला येत नव्हती. त्या खोलीत त्यांचं बोलणं समजणारी मी एकटी होते.

दहाव्या शनिवारी परीक्षा होती. बाई आमच्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसल्या. शब्द कळले नाहीत तरी चालतील, माणसं कशी बसतात ते मी बघणार, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. अण्णांनी येताना कापडाची पिशवी आणली होती. शिलाईच्या उरलेल्या खाकी कापडाची, हातानं शिवलेली. त्यांनी चष्मा काढला, समजा म्हणाले, आणि पिशवीतून एकेक कागद काढून माझ्यासमोर मांडला. चीटीची वही. व्याजवाल्याच्या चिठ्ठ्या. आणि चार घड्या घातलेली एक गुलाबी पावती.

तयारी छान केली आहे, असं मला आधी वाटलं. मग मी पावती उलगडली. दोन पदरी चेन एक, बांगड्या चार, वजन. खाली सोडवायची मुदत. आणि वर त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, गहाणवाल्याच्या वेड्यावाकड्या कानडी अक्षरात.

मी वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. कोणाच्या दारात निरोप देऊन उत्तराची वाट बघत उभं राहतो ना माणूस, तसं.

तिथं मी थांबायला हवं होतं. बाईंना सांगायला हवं होतं की हा सराव नाही. माझ्या डोक्यात काय आलं ते खरं सांगते. परीक्षेची पंधरा मिनिटं पुरी व्हायला सहा मिनिटं बाकी होती आणि फॉर्मवरचे तीन प्रश्न राहिले होते. मी पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. मी त्याच्या पुढचा विचारला. शेवटच्या रकान्यात 'होय'वर खूण केली आणि पेन खाली ठेवलं.

अण्णा कागद आवरून बाहेर गेले. बाई उठल्या नाहीत.

"तो माणूस नाटक करत नव्हता," त्या कानडीत म्हणाल्या. "तुला कधी कळलं?"

"आज."

"मग थांबलीस का नाही?"

मी फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी माझ्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "थांबायला टेबलाशी खरा माणूस बसल्यावर शिकशील, नाहीतर शिकणार नाहीस. त्याला मंगळवारी बायकोला घेऊन यायला सांग. आणि त्याच्या घरी जायचं नाही, कळलं?" त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, फक्त थकलेला होता. खालचं मशीन एव्हाना बंद झालं होतं, त्यामुळे तो जास्तच ऐकू आला.

अण्णा खाली शेवटच्या पायरीशी उभे होते, पिशवी पोटाशी धरून.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"दर शनिवारी सांगत होतो की, अक्का."

मग ते म्हणाले, पहिल्या दिवशी ते सल्ला घ्यायलाच आले होते. सल्ल्याचे दिवस मंगळवार-गुरुवार आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. दारात बाईंनी विचारलं, ट्रेनिंगला का? मागं चार माणसं उभी होती. कर्ज झालंय म्हणून आलोय, हे त्या चार माणसांदेखत तोंडातून निघेना. सरी, म्हणाले, आणि फॉर्म भरला.

"तुम्ही घरात सांगा सांगा म्हणत होता ना. बसमध्ये सगळं जुळवून घेतो मी. उंबऱ्यापाशी गेलो की होत नाही. तुमच्यासमोर तेवढं जमतं."

"लग्न कधी आहे?"

"पुढच्या रविवारी. उद्या ती ट्रंक उघडणार. साड्या बघायच्यात म्हणत होती." मग म्हणाले, "स्वल्प, जरा घरी येता का? तुम्ही नुसतं बसा."

बाई वर होत्या. एकोणतीस पायऱ्या चढून विचारता आलं असतं. मी गेले नाही. अण्णांबरोबर बसमध्ये चढले.

दुकानाच्या मागंच दोन खोल्या. वहिनी जमिनीवर बसून गणवेशांना बटणं लावत होत्या, मांडीवर आकाशी शर्टांची चळत. मला बघून गडबडीनं उठल्या, चटई झटकली. कुठल्या तरी शाळेच्या बाई असतील असं त्यांना वाटलं असावं. "बसा की, कापी करते," म्हणून आत गेल्या, स्टीलच्या लोट्यातून कॉफी घेऊन आल्या, दोघांना दिली आणि पुन्हा सुई उचलली. कोपऱ्यात हिरवी ट्रंक होती. तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचले होते.

अण्णा चटईच्या कडेला बसले. चष्मा काढला, खिशात ठेवला. मला पुढचा शब्द ठाऊक होता आणि तो येऊ नये असं फार वाटत होतं.

"समजा," ते म्हणाले, "एक शिंपी आहे."

वहिनींनी दोरा दातानं तोडला. "कुठला शिंपी?"

ते माझ्याकडे बघायला लागले. दहा शनिवार मी या जागी काहीतरी बोलत आले होते, कधी?, मग?, का नाही? त्या दिवशी पहिल्यांदा तोंड आवरलं. कॉफीवर साय धरली. बाहेर कोणीतरी दुकानाची फळी वाजवून, बंद आहे म्हणून निघून गेलं.

"मी," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सगळं, क्रमानं, एकदाही न अडखळता. ते नवरा-बायको, तिसरी चीटी, चौथी चीटी, व्याज, चेन, बांगड्या. न अडखळता सांगता येणारच होतं, दहा वेळा सांगून झालं होतं. वहिनींच्याही ते लक्षात आलं. माझ्या आईच्याही आलं असतं. निम्म्यावर त्यांनी सुई शर्टाला टोचून ठेवली आणि नवऱ्याऐवजी माझ्याकडे बघायला लागल्या. रडल्या नाहीत, कपाळावर हात मारला नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी मलाच विचारलं.

"तुमाला कधीपासून माहीत हाय हे?"

आज, असं मला म्हणता आलं असतं. बाईंना तेच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"दहा शनिवार झाले," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातली न संपलेली कॉफी घेतली, आत नेऊन ठेवली, परत आल्या. "जावा आता तुम्ही," म्हणाल्या. "आमचं आम्ही बघतो." आवाज साधा होता. बँकेच्या त्या माणसाला आमच्या दारातून निरोप देताना आईचाही असाच होता. तो माणूस सभ्य होता, पाणी पिऊन गेला होता. मी कॉफी प्यायले होते.

घरी आईनं विचारलं, परीक्षा कशी झाली. पास झाले, म्हटलं. पुढचं काही तिला सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

मंगळवारी मी ऑफिसातून रजा टाकून केंद्रात गेले. दुसऱ्या टेबलावर माझी पहिलीच पाळी होती. साडेअकराला दोघं जिन्यावर आली, ती पुढं, ते मागं. पिशवी तिच्या हातात होती. बाहेर नंबराची चिठ्ठी देणाऱ्या माणसानं त्यांना माझं टेबल दाखवलं, कारण मराठी बोलणारी मीच होते. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग त्याला कानडीत म्हणाल्या, नको, आम्हाला कानडी येतं. बाईंच्या टेबलापुढं जाऊन त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

बाईंनी दोघांना पाणी दिलं. यादीचा कोरा कागद आणि पेन अण्णांपुढं सरकवलं. वहिनींनी ते उचलून स्वतःपुढं घेतलं. गळ्यात काळी पोत होती, हातात काचेच्या बांगड्या. त्या लिहीत होत्या, अण्णा एकेक आकडा हळू आवाजात सांगत होते, आणि प्रत्येक आकड्याला त्या विचारत होत्या, "अजून?"

माझ्यापुढची खुर्ची बारा वाजेपर्यंत रिकामी होती. मग एक माणूस येऊन बसला आणि घाईघाईनं खिशातून कागद काढायला लागला. मी त्याला पाणी दिलं. त्याचे कागद तसेच राहू दिले आणि विचारलं, हे घरी कोणाला माहीत आहे?

कोणाला नाही, तो म्हणाला.

"मग मलाही आज सांगू नका," मी म्हटलं.